मंठ्याचं ऊन पाण्याच्या कामी लावा

मंठा तालुक्यात मी विज्ञान शिकवते. एप्रिलमध्ये टँकरचं पाणी सुरू झालं की जुलाबाने वर्गातली बाकं रिकामी होतात.

यावर एक उपाय उन्हातच आहे. १९८५ साली जपानमध्ये तादाशी मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम चढवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्यातले जिवाणू मारून दाखवले. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या रंगातली पांढरी भुकटी. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यातले इलेक्ट्रॉन उसळतात, पाणी आणि ऑक्सिजनपासून जहाल कण तयार होतात आणि ते जिवाणूचं आवरण फोडतात. भुकटी खर्ची पडत नाही.

गढूळ पाण्यात किरण शिरत नाहीत, म्हणून आधी गाळणं आलंच. क्लोरीनसारखा टिकाऊ परिणामही नाही. म्हणून ब्लीचिंग पावडर वापरणं थांबवू नका. पण काचेवर या भुकटीचा लेप देऊन एका तरी शाळेत, आमच्या उन्हात, हा प्रयोग यंदाच व्हावा. पाणी तपासायला माझी मुलं तयार आहेत.