गोंगाट म्हणणारे आणि गोंगाट करणारे

गेल्या स्नेहसंमेलनानंतर आमच्या महाविद्यालयाने विद्युत गिटारीला कायमची रजा दिली. सांस्कृतिक समितीचा ठराव एका ओळीचा होता : सादरीकरण ‘गोंगाटसदृश’ असल्याने यापुढे अशा वाद्यवृंदास परवानगी नसावी. (‘सदृश’ हा शब्द बहुधा आमच्याच विभागाने पुरवला असावा.) ठरावाविरुद्ध हात वर केले ते आम्ही दोघांनीच. मराठीच्या या दोन प्राध्यापकांना चाळिशीत तारुण्याची उबळ आली, असे सहकाऱ्यांना वाटले. म्हणून आधीच कबूल करतो की त्या संध्याकाळी जे वाजले तो गोंगाटच होता. सदृश नव्हे, साक्षात. आमचे भांडण आहे ते त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी.

मध्यंतरात आम्ही रंगमंचावर जाऊन पाहिले. भाड्याने आणलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर गेनचे बटण दहावर होते आणि बासचेही दहावर. जितका गेन अधिक तितके संगीत जड, ही मुलांची समजूत. हे संगीत म्हणजे मुळातच अतिरेक, ही समितीची समजूत. दोन्ही पक्ष एकमेकांवर दात धरून आहेत, पण त्यांची श्रद्धा एकच आहे आणि ती चुकीची आहे. या ध्वनीला जो घट्टपणा लागतो तो भर घालून येत नाही, वगळून येतो. आणि जे वगळायचे ते ध्वनी फाटण्याच्या आधी वगळावे लागते.

‘आधी’ या शब्दावर आमचा सगळा भर आहे. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा. तिच्या कंपनात खर्जाचा भाग सर्वांत बलवान असतो. असा संदेश ॲम्प्लिफायरच्या सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बहुधा १२एएक्स७ मध्ये, आवाक्याबाहेर ढकलला की लहरीचे माथे कापले जातात आणि त्यातून नवे उपस्वर जन्मतात. हेच ते डिस्टॉर्शन. परंतु खर्जाची मोठी लाट आत शिरली की ती व्हॉल्व्हची सगळी जागा व्यापते, आणि तिच्या पाठीवर बसलेले मध्य व तार स्वर तिच्याबरोबर चेपले जातात. शिवाय दोन व्हॉल्व्हच्या मधला कपॅसिटर या भाराने भलताच भारित होतो आणि पूर्वस्थितीला यायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात वादकाने तळहाताने तार दाबून पुढचा आघात केलेला असतो. एक आघात दुसऱ्यात मिसळतो. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत त्याचा चिखल पोहोचतो.

तेव्हा गिटारमधून खर्ज गेल्यावर जडपणा कुठून येणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संगीताच्या अभ्यासकांना तरी रुचावे. या शैलीतला वादक बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम एवढेच एकत्र छेडतो. त्यांचे प्रमाण जवळजवळ दोनास तीन. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वरांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर निर्माण होतो. तीनातून दोन गेले की उरतो एक, म्हणजे षड्जाच्या खालचा षड्ज. खर्ज बाहेरून कोंबावा लागत नाही, तो आतून उगवतो. गंधार मात्र यात क्वचितच घेतला जातो, कारण समान अंतरांच्या सप्तकात तो आपल्या जागेवर नसतो आणि डिस्टॉर्शन त्याचे हे वैगुण्य मोठे करून दाखवते. हार्मोनियमच्या गंधारावरून लेख लिहिणाऱ्यांनी हा विवेक निदान ओळखावा.

हा शोध आमचा नाही. ‘हेवी’ या विशेषणाचे जनकत्व ज्याच्याकडे जाते त्या टोनी आयोमीने १९७० मध्ये ब्लॅक सबाथच्या पहिल्या तबकडीच्या काळात लेनीच्या ॲम्प्लिफायरपुढे जी पेटी लावली होती ती होती रेंजमास्टर, म्हणजे ट्रेबल बूस्टर. सर्वांत जड संगीताचा आरंभ तार स्वर उचलणाऱ्या पेटीतून व्हावा, यातली गंमत आमच्या मुलांनाही ठाऊक नव्हती. १९७९ च्या आयबानेझ ट्यूब स्क्रीमरचेही तेच. त्याच्या मुख्य टप्प्यात सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली संदेश कमी कमी वाढवला जातो. म्हणून जाणते वादक त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवतात, म्हणजे तो स्वतः फारसा फाटत नाही, पुढच्या व्हॉल्व्हला गाळलेला संदेश जोराने देतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत तर बास-ट्रेबलची बटणे मुख्य डिस्टॉर्शनच्या अलीकडेच बसवलेली आहेत. तिथे बास एक-दोनवर ठेवायचा आणि लागेल तेवढा खर्ज नंतर पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरवर परत घ्यायचा. मेटॅलिकाच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’वरची गिटार अशा मार्क टू-सी प्लसची आहे. ती भिंतीसारखी वाटते ते एकाच भागाचे अनेक ध्वनिमुद्रण थर एकावर एक रचल्यामुळे. एकाच गिटारीवर गेन चढवून तो परिणाम गाठू पाहणारा फक्त धूळ उडवतो.

हा सगळा यंत्राचा तपशील आहे, कलाविचार नव्हे, असे समितीतील एका विद्वान मित्राने आम्हांला ऐकवले. हेच मित्र तंबोऱ्याच्या जवारीवर तासभर बोलतात. मिरजेचा कारागीर घोडीचा उतार कसा घासतो, तारेखालचा रेशमी दोरा केसभर सरकला की नाद कसा खुलतो, हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात, आणि ते योग्यच आहे. जवारी म्हणजे तरी काय? तार घोडीच्या पृष्ठाला हलके घासत राहावी आणि त्या झणकारातून उपस्वर उमलावेत, यासाठी जाणूनबुजून केलेली सोय. दोऱ्याला नादविचार आणि कपॅसिटरला तांत्रिक तपशील म्हणायचे, या भेदाचे कारण ध्वनीत सापडत नाही. ते आपल्या बैठकीत सापडते.

मुलांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. खोलीत हळू आवाजात वाजवताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ते बास चढवतात; तीच बटणे सभागृहात चौपट आवाजात तशीच ठेवतात. दोष कानाचा नाही, फिरून न ऐकण्याचा आहे. दिवाळीनंतर आम्ही त्यांना रिकाम्या सभागृहात बोलावले. गेन चारवर आणला, बास दोनवर, मिडल सहावर, पुढे ट्यूब स्क्रीमर, ड्राइव्ह शून्य. गिटारवाला पोरगा एकटाच वाजवून पाहताच हिरमुसला. “सर, आवाज बारीक झाला.” मग बास गिटार आणि ड्रम सुरू झाले. दहा मिनिटांनी त्याने स्वतःच गेन आणखी अर्ध्याने उतरवला.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. निवेदन, सह्या वगैरे आम्ही काही देणार नाही. ठराव पुन्हा मताला टाकण्याआधी सदस्यांनी पंधरा मिनिटे त्याच सभागृहात, मागच्या रांगेत येऊन बसावे, एवढीच मागणी लेखी दिली आहे. अद्याप पोच आलेली नाही.