उन्हाळा त्यांचा, परीक्षा आपल्या

अभियांत्रिकीचा विद्यार्थी उन्हाळ्यापुरता जर्मनीला शिकायला निघाला, की घरात मेतकूट-चिवड्याची तयारी सुरू होते. मला काळजी वाटते ती तारखांची. तिथल्या उन्हाळी सत्राची व्याख्याने साधारण एप्रिल ते जुलै चालतात. आपल्या परीक्षा मात्र पुष्कळदा जूनपर्यंत रेंगाळतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज निघण्याच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा, त्यात जाण्या-येण्याच्या तारखा लिहायच्या, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही जोडायचा. एवढे सारे जमवल्यावर तोंडी परीक्षा पुढे ढकलली, तर? ऐपतदार बाप दुसरे तिकीट काढील. कर्ज काढून मुलीला पाठवणाऱ्याने काय करावे? परीक्षांच्या तारखा विद्यापीठांनी जानेवारीतच जाहीर कराव्यात आणि (हे अधिक अवघड) पाळाव्यात.