पुलाला यंत्र बसेल, पण गाडी कोण थांबवणार?

पूर आला की आपण सगळे काठावर उभे राहून पाणी पुलावरून चाललंय का ते बघतो. पूल मात्र पुष्कळदा खालून जातो. पुराच्या भोवऱ्यात खांबाच्या बुडाची वाळू-माती धुपते आणि वरचा डांबरी रस्ता शेवटपर्यंत धडधाकट दिसतो.

महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री भर पुरात गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले. मे महिन्यातल्या कोरड्या पात्रात काय दिसणार, हे नदीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्या रात्री पुढच्या गाड्या थांबल्या त्या जवळच्या गॅरेजातल्या एका माणसाच्या सावधपणामुळे.

आता हेच काम बिनतारी सेन्सर करू शकतात. बैलगाडीचा आख सैल झाला की जाणता गाडीवान नुसत्या आवाजावरून ओळखतो. हे यंत्र तसेच आहे. गाडी गेल्यावर पूल किती हादरतो, खांब केसभर तरी कलला का, पाणी किती चढले, हे मोजून ते मोबाइलच्या जाळ्यातून कचेरीत कळवते. तारा ओढाव्या लागत नाहीत. दक्षिण कोरियात जिंदो पुलावर २००९ साली असे ७० संच बसवले होते. पण पुलाचे हादरणे ऊन-थंडीनेही बदलते. म्हणून आधी वर्षभर पुलाची नेहमीची चाल नोंदवावी लागते, नाहीतर यंत्र उगाच बोंब मारणार. दोनदा खोटी बोंब झाली की तिसऱ्यांदा कुणी ढुंकून बघत नाही.

त्याच सावित्रीवर वीर ते सापे-वामणे दरम्यान कोकण रेल्वेचा पूल आहे. तिथे पाण्याची पातळी सांगणारे यंत्र बसवलेले आहे. रेल्वेत इशारा आला की गाडी रोखणारा माणूस ठरलेला असतो. आपल्या रस्त्यावर असा माणूस कोण? तलाठी, पोलीस पाटील, की बांधकाम खात्याचा मैलकुली? रात्री दोन वाजता मेसेज उपअभियंत्यांच्या मोबाइलवर जाऊन पडला आणि इकडे उसाचा ट्रॅक्टर पुलावर चढला, तर यंत्राचा उपयोग काय?

आणि दोष नुसता सरकारचा नाही, बरं का! मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पडला, चार माणसे गेली. पूल धोक्याचा असल्याचा फलक तिथे होता. तरी लोक पुलावर होतेच. गावाकडेही पूल बंद केला की दुधाचा टेम्पो मोठ्या वळशाने जातो, मग आपलीच पोरं आडवा टाकलेला बांबू काढून टाकतात. वळसा कुणालाच परवडत नाही, हे खरे आहे. म्हणून पर्यायी रस्त्याची डागडुजी पूल बंद होण्याआधी व्हायला हवी.

पुलाच्या वर-खाली रात्री चालणारा वाळूउपसाही खांबाचे बूड उघडे पाडतो. त्याची खबर गावाला यंत्राच्या कितीतरी आधी असते.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत बांधकाम खात्याच्या साहेबांना बोलावून घ्या. आपल्या पुलाच्या खांबांचा पाया पाण्याखाली उतरून शेवटचा कधी तपासला, सेन्सर बसणार असेल तर इशारा गावात कुणाच्या फोनवर येणार, आणि वरून हुकूम येण्याची वाट न पाहता रस्ता अडवण्याचा अधिकार त्या माणसाला लेखी मिळणार का, एवढे विचारा. उत्तर ठरावाच्या वहीत नोंदवून घ्या.