व्हीपीएन घेण्याआधी घराची कडी लावा

मागच्या आठवड्यात ताडीवाला रोडच्या एका अभ्यासिकेत एका पोराने मला लॅपटॉप उघडून दाखवला. "दादा, आता टेन्शन नाही. व्हीपीएन टाकलंय, तेही फुकट." मी पाहिलं तर लॅपटॉपला पासवर्ड नाही. विंडोजचं अपडेट कित्येक महिने पुढे ढकललेलं. फायरवॉल बंद, कारण 'ते व्हीपीएन अडवत होतं'. म्हणजे बाहेर जायच्या रस्त्यावर पडदा लावला आणि घराचं दार सताड उघडं ठेवलं. हा लेख त्या पोरासाठी आहे, आणि चळवळीत काम करत जाहिराती बघून सुरक्षित झाल्यासारखं वाटणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

पुण्याच्या माणसाला हे सांगावं लागू नये. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला आलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. त्यानंतर पुणे पोलिसांनी गुन्हा कोणावर लावला? ६ जून २०१८ ला सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन, शोमा सेन, महेश राऊत यांना अटक झाली. पुढे आरोपींची संख्या सोळावर गेली. त्यातले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच वारले. आणि या सगळ्या खटल्याचा मोठा आधार काय? संगणकात सापडलेली पत्रं.

२०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी तपास कंपनीने विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी करून अहवाल दिला. १३ जून २०१६ ला ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून एक मेल आला, त्यातली फाईल उघडली गेली आणि नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम आत शिरला. तो बावीस महिने आत होता. त्याच वाटेने पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, आणि ती त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण नाही, असं हा अहवाल सांगतो. एनआयएने तो मान्य केलेला नाही. खटल्यात त्याची कसोटी लागायची ती लागेल. पण आपल्याला धडा घ्यायला निकालाची वाट बघायची गरज नाही.

आता मला सांगा, त्या संगणकावर जगातलं सगळ्यात महागडं व्हीपीएन असतं तर काय झालं असतं? काहीही नाही. व्हीपीएन म्हणजे तुमच्या संगणकापासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा बोगदा. वायफायचा मालक, हॉस्टेलचा नेटवाला, इंटरनेट कंपनी यांना बोगद्यात काय चाललंय ते दिसत नाही, आणि समोरच्या वेबसाईटला तुमचा पत्ता दिसत नाही. एवढंच त्याचं काम. चोर घरात बसला असेल तर तोही तुमच्याच बोगद्यातून माल बाहेर नेईल.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी संगणकात असलेलंच, फुकट मिळालेलं संरक्षण चालू करा. अपडेट अडवू नका. विंडोजचं डिफेंडर आणि फायरवॉल चालू ठेवा. डिस्क कुलूपबंद करा: मॅकवर फाईलव्हॉल्ट, विंडोजवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. विंडोजमध्ये त्या कुलपाची किल्ली बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते, म्हणजे किल्लीची एक प्रत कंपनीकडेही असते, हे माहीत असू द्या. ओळखीच्या माणसाकडून आलेली फाईलसुद्धा फोन करून विचारल्याशिवाय उघडू नका. आणि कधी जप्ती झालीच, तर उपकरणाची हॅश व्हॅल्यू जागेवरच पंचनाम्यात लिहून मागा. नंतर कोणी आत एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा जुळत नाही.

हे झाल्यावर व्हीपीएन निवडा, आणि निवडताना एकच कसोटी लावा: ते या संरक्षणाशी भांडतं की जुळवून घेतं? जे ॲप फायरवॉल किंवा डिफेंडर बंद करायला सांगतं, ते काढून टाका. जे स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवायला सांगतं, तेही काढा, कारण ती तुमच्या कुलूपबंद पत्रव्यवहाराचीच किल्ली मागणं आहे. ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' दुसऱ्याच कंपनीकडे वळवलेलं असेल, तर तुम्ही कोणत्या साईटवर जाता ते बोगद्यात असूनही त्या कंपनीला कळतं. डीएनएस कोणाकडे ठेवायचं ते ठरवून एकाच ठिकाणी लावा. ॲपलचं 'प्रायव्हेट रिले' पैसे भरून मिळतं, मुख्यतः सफारीपुरतं चालतं, आणि व्हीपीएन चालू केलं की साधारणपणे बाजूला पडतं. दोन्ही लावलं म्हणून दुप्पट सुरक्षा होत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये दिसणारं 'व्हीपीएन' ही नुसती जोडणीची जागा आहे, सेवा तुम्हालाच आणावी लागते. आणि 'किल स्विच' हवाच, म्हणजे बोगदा तुटला की नेटही तुटेल.

बोगद्याच्या मालकाची चौकशी करायची की नाही? व्हीपीएन घेतल्यावर विश्वास संपत नाही, तो इंटरनेट कंपनीकडून व्हीपीएन कंपनीकडे जातो. फेसबुकने ओनावो नावाचं फुकट व्हीपीएन चालवलं आणि लोक कोणती ॲप वापरतात ते त्यातूनच पाहिलं. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरवरून काढावं लागलं. उलट उदाहरणही आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस मुलवॅडच्या कार्यालयात वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण ग्राहकांची नोंदच ठेवलेली नव्हती. प्रोटॉनचं फुकट व्हीपीएन आहे, त्याचा कोड खुला आहे. पण तीच कंपनी २०२१ मध्ये स्विस आदेशानंतर आपल्या मेलसेवेच्या एका आंदोलक ग्राहकाचा आयपी पत्ता नोंदवून द्यायला बांधील ठरली, हेही विसरू नका. कोणी देव नाही. ज्याच्याकडे नोंद नाही, त्याला ती देताही येत नाही.

आपल्या सरकारला हे चांगलं कळलं. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी आणि सेवा कशासाठी घेतली ते कारणसुद्धा पाच वर्षे जपून ठेवायला सांगितलं. एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर काढले ते यामुळे. म्हणून भारतात सर्व्हर असल्याची बढाई मारणाऱ्या कंपनीला आधी विचारा, माझी नोंद कुठे जाते?

इथे कोणीतरी म्हणेल, 'आपण काही गुन्हा करत नाही, मग लपवायचं कशाला?' हा प्रश्न आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकला की वाईट वाटतं. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत हक्कांच्या यादीत माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलं होतं. पुढे ३ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली, पण ती अखेर संविधानात आली नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांनी मागितलेलं मान्य व्हायला सत्तर वर्षे लागली, आणि आपली पोरं ते फुकटच्या ॲपला देऊन टाकतात.

दुसरा म्हणेल, 'सत्तेला यायचं असेल तर ती येणारच.' खरं आहे. पेगाससपुढे तुमचं कुलूप टिकेलच असं नाही. पण आपल्यावर नजर ठेवणारे सगळे पेगासस घेऊन फिरत नाहीत. ट्रोल, घरमालक, संस्थाचालक, गावचा पाटील यांना साधं कुलूपही पुरतं. आणि तुमच्या फोनमध्ये फक्त तुम्ही नसता. तुमच्यावर विश्वास ठेवून ॲट्रॉसिटीची तक्रार सांगणारी खेड्यातली बाईही त्यात असते. तिचं नाव उघडं पडलं तर तुम्हाला कदाचित काही होणार नाही. तिला मात्र गाव सोडावं लागेल.

येत्या रविवारी आपापल्या अभ्यासिकेत, विहारात एक तास काढा. सगळ्यांचे लॅपटॉप उघडा, आधी अपडेट, मग कुलूप, मग व्हीपीएन. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवावं. संघटनेच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडता, तसाच हाही मांडा: किती यंत्रं कुलूपबंद झाली, किती राहिली.

जय भीम.