उन्हाळी वर्ग आणि मार्चअखेरचा साठा

मार्चअखेर आली की पेढीवर साठा मोजला जातो. वहीत गुळाच्या ढेपा किती दिसतात, याला त्या दिवशी फारसे महत्त्व नसते; गोदामात प्रत्यक्ष किती आहेत ते पाहावे लागते. तूट निघाली तर ती तेथेच मान्य करावी लागते, कारण खोटी शिल्लक पुढील वर्षात ओढणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. शाळेचे वर्षही त्याच सुमारास संपते. महाराष्ट्र दिनाच्या आसपास निकालपत्रके वाटली जातात, बहुतेक मुले वरच्या वर्गात जातात आणि शाळेला कुलूप लागते. निकालपत्रक ही झाली वही. गोदाम उघडून पाहण्याची पद्धत मात्र शाळांतून रूढ नाही.

समाजाच्या विश्वस्त संस्थांनी चालविलेल्या छोट्या शाळांतून मे महिन्यात उन्हाळी वर्ग भरविले जातात, तेव्हा हे गोदाम उघडण्याची संधी आपोआप हाती येते. बहुतेक ठिकाणी ती दवडली जाते. काही शाळा सुट्टीत पुढील इयत्तेचे पुस्तक सुरू करतात. ज्याला चौथीचा भागाकार येत नाही त्याच्यापुढे पाचवीचे अपूर्णांक ठेवले जातात. काही शाळा केवळ छंदवर्ग घेतात. त्यांत मेंदी, नृत्य आणि कागदी फुले असतात, शेवटच्या दिवशी समारंभ होतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि प्रत्येक मुलाच्या हाती रंगीत प्रमाणपत्र पडते. पालक प्रसन्न होतात. जूनमध्ये तेच मूल त्याच अडचणीसह बाकावर येऊन बसते.

सुट्टीत मुले काही प्रमाणात विसरतात, हे घरोघरी ठाऊक आहे. अमेरिकेतील हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या विषयावरील ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा उन्हाळी सुट्टीनंतर मुले सरासरी सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे गेलेली आढळली; आकडेमोड आणि शब्दलेखन यांत ही घसरण अधिक होती. तेथील सुट्टी आपल्याकडील सुट्टीपेक्षा लांब असते, हे ध्यानात घ्यावे. तरीही आकडेमोड प्रथम विसरली जाते, हा निष्कर्ष व्यापारी कुटुंबांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे.

याहून मोलाचा अनुभव आपल्याच देशातील, बिहारमधील आहे. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००८ च्या उन्हाळ्यात तेथे मागे पडलेल्या मुलांसाठी सुट्टीतील वर्ग भरविले आणि ते शिकविण्यासाठी सरकारी शाळांतील शिक्षकांनाच बोलाविले. या शिक्षकांविषयी कोणी फारसे बरे बोलत नसे. परंतु त्याच शिक्षकांनी सुट्टीत मन लावून शिकविले आणि मुलांच्या वाचनात स्पष्ट प्रगती दिसली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी या प्रयोगाची नोंद आपल्या लेखनात घेतली आहे. पुढे २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षक तेच होते, मुलेही त्याच गावांतील. फरक इतकाच की सुट्टीत पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचा तगादा नव्हता. वाचता येणे आणि साधे गणित जमणे, एवढेच काम त्यांना नेमून दिलेले होते. वर्षभर इयत्तेच्या आणि अभ्यासक्रमाच्या दडपणाखाली जे साधत नाही, ते मोकळ्या महिन्यात साधते.

छोट्या शाळेला यातून जे घ्यावयाचे ते अगदी साधे आहे. उन्हाळी वर्गात इयत्ता विसरावी. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद वाचावयास द्यावा, हातच्याची दोन अंकी वजाबाकी द्यावी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागावयास सांगावे. ‘असर’ या नावाने देशभर होणाऱ्या पाहणीत गणिताची परीक्षा याच पायऱ्यांनी होते. एका मुलाला दहा मिनिटेही लागत नाहीत. त्यानंतर ज्याला जे येते त्यानुसार गट पाडावेत. सहावीतील मुलगा चौथीतील मुलीशेजारी बसला तर पहिले दोन दिवस त्याला संकोच वाटेल. तिसऱ्या दिवशी गणित सुटू लागले की तो संकोच राहत नाही. विश्वस्तांच्या घरातील मुलासाठी यात अपवाद करू नये. अपवाद करण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

गणित कसे शिकवावे, याचा मोठा ठेवा व्यापारी घरांतच आहे. एके काळी मे महिना म्हणजे मुलाने दुकानी जाऊन बसण्याचा महिना असे. गादीच्या कडेला बसून तो आजोबांचा हिशेब ऐके. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली आणि बिल तीनशे सत्तावीस झाले, तर आजोबा वजाबाकी मांडत नसत. ते सत्तावीसवरून तीन देऊन तीस करीत, सत्तर देऊन चारशे करीत आणि शंभराची नोट ठेवून पाचशे पूर्ण करीत. एकशे त्र्याहत्तर रुपये मोजून झाले तरी हातचा कोठे आला नाही! शाळेत तेच उदाहरण खालीवर मांडून, शून्याशेजारच्या शून्यातून उसना घेऊन सोडविले जाते आणि पुष्कळ मुले तेथेच अडखळतात. दोन्ही रीती समोरासमोर ठेवल्या की वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधील अंतर, हे मुलाच्या ध्यानात येते. पुस्तकातील दहा पानांनी जे होत नाही ते खरी बिले आणि खोट्या नोटा घेऊन मांडलेल्या दुकानात अर्ध्या तासात होते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढेही याच घरांतून तोंडपाठ असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. सर्वच परत आणण्याचे कारण नाही. परंतु सव्वा, दीड आणि अडीच यांचे व्यवहारातील स्थान आजही अबाधित आहे. दरमहा शेकडा दीड रुपया व्याज म्हणजे वर्षाला अठरा टक्के, हे ज्या मुलाला चटकन उमगते तो पुढे कर्जाच्या कागदावर सही करताना थांबून विचार करील. तळच्या गटाला वजाबाकी शिकवावी, वरच्या गटाला दिडकी आणि व्याज शिकवावे.

सर्जनशील वर्ग आणि अभ्यासवर्ग यांची वेळापत्रकात फारकत केली जाते, ती फारशी उपयोगाची नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या सोबतीने जे बालशिक्षणाचे काम केले, त्यात महागडी साधने बाजूला ठेवून पाने, खडे, शंखशिंपले आणि बिया यांवर शिकविण्याचा मार्ग होता. मोजणे, लावणे, रंगविणे आणि बोलणे तेथे एकाच कृतीत येत असे. मे महिन्यात घरोघरी पापड, सांडगे आणि कुरडया होतात. एक किलो उडदाच्या पिठाला पापडखार किती, लाट्या किती निघाल्या, एका पापडाचे वजन किती भरले, वाळल्यावर किती घटले, याची नोंद ठेवणारी मुलगी प्रमाण आणि शेकडेवारी शिकत असते, आणि तिला ती शेकडेवारी वाटतही नाही. मुलांनाही हे काम द्यावे. पापड लाटणे मुलींकडे आणि हिशेब मुलांकडे, अशी वाटणी झाली तर वर्गाचा अर्धा लाभ गेला.

घरांच्या माळ्यावर जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या पडलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशा मोडीत आहेत. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाई; आता ती वाचणारे विरळा. गावात एखादे वयोवृद्ध गृहस्थ ती जाणत असतील, तर आठवड्यातून दोन सकाळी त्यांना सन्मानाने बोलवावे. पणजोबांच्या वहीतील एक पान मुलांनी वाचले, त्यातील भाव आजच्या भावाशेजारी लिहिले आणि त्याचे भित्तीपत्रक केले, तर भाषा, इतिहास आणि गणित यांना स्वतंत्र तासिकांची गरज उरत नाही. नाटकाचेही तसेच. सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी उभ्या केलेल्या बालरंगभूमीने सुट्टीतील नाटकाची गोडी लावली. शाळेने मात्र पाठ केलेले नाटक सादर करण्यापेक्षा मुलांकडून दहा मिनिटांचा प्रवेश लिहून घ्यावा. बाजारातील लिलाव हा विषय त्यांना पुरेसा आहे. ज्यांना वाचनाची भीती वाटते ती मुले स्वतःचा संवाद मात्र वाचतात, कारण तो त्यांनीच बोललेला असतो.

आता खर्चाचा विचार. समजा, साठ मुले, चार आठवडे, आठवड्याचे सहा दिवस आणि सकाळी साडेसात ते साडेदहा अशी वेळ ठेवली. चार शिक्षकांना प्रत्येकी ८,००० रुपये मानधन धरले तर ३२,००० होतात. साहित्यासाठी ६,००० आणि प्रत्येक मुलाच्या रोजच्या खाऊसाठी व ताकासाठी १० रुपये धरले तर १४,४००. एकूण ५२,४०० रुपये; म्हणजे दर मुलामागे सुमारे ८७५ आणि दिवसाला साडेछत्तीस रुपयांच्या आत. समारोपाचा मंडप, हार आणि छापील प्रमाणपत्रे यांवर होणारा खर्च वाचविला तर त्यातील बरीच रक्कम तेथूनच निघते. मानधनात मात्र काटकसर करू नये. सुट्टी हा शिक्षकांचा हक्क आहे. समाजकार्य म्हणून ती फुकट मागणे योग्य नाही. पेढीवरील दिवाणजीला कोणी मे महिना बिनपगारी राबवीत नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. समाजातील सधन घरांची मुले तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या शाळांतून शिकू लागली आहेत आणि समाजाच्या छोट्या शाळेच्या बाकांवर आडतीतील हमाल, तोलार आणि दुकानातील नोकर यांची मुले अधिक दिसतात. त्यांना या वर्गाची सर्वाधिक गरज आहे आणि तीच येण्याची शक्यता सर्वात कमी आहे. आई कामाला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला घरी थांबावे लागते. त्या भावंडाला सोबत आणू द्यावे. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी आणि थोडी खेळणी ठेवली तरी पुरे. शुल्क सर्वांना नाममात्र आणि सारखे असावे. ज्याला तेही देणे शक्य नाही त्याचे नाव वहीत वेगळ्या शाईने लिहिले जाऊ नये. सधन घरांनी आपलीही मुले येथे पाठवावीत. दुकानात ज्यांच्या वडिलांशी रोजचा व्यवहार आहे, त्यांच्या मुलांशेजारी एक महिना बसल्याने काही बिघडत नाही. मोठ्या शाळेतील मुलाचा भागाकारही तपासून पाहण्यासारखा असतो.

शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाचीच परीक्षा पुन्हा घ्यावी. तोच परिच्छेद देऊ नये, तितकाच कठीण दुसरा द्यावा. दोन्ही दिवसांच्या नोंदी एका साध्या वहीत शेजारी-शेजारी लिहाव्यात. ज्यांची प्रगती झाली नाही त्यांची नावे त्यात असणारच, आणि ती झाकू नयेत. ही वही विश्वस्तांच्या सभेत वाचली जावी. त्यानंतर जूनमध्ये शाळा उघडेल त्या सकाळी, हजेरी होण्यापूर्वी, मुख्याध्यापकांनी ती वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी.