रानडुकरासाठी ‘बावीस’ची रायफल? जरा थांबा

मंडळी, परवा वाटूर फाट्यावर चहा पिताना विषय निघाला डुकरांचाच. दुसरा निघणार तरी कोणता? मक्याच्या कणसात दाणा भरला की एका रात्रीत अर्धा एकर आडवा. खातात थोडं, तुडवतात जास्त. भुईमुगाचं तर विचारूच नका, नांगरल्यासारखं रान उकरून ठेवतात.

तेवढ्यात एका पोरानं मोबाईल पुढं केला. "हे बघा, अमेरिकेत बावीसच्या रायफलीनं डुकरं पटापट पाडतात. आपल्यालाबी सरकारनं हीच द्यावी." सगळ्यांनी माना हलवल्या. मला काही ते पटलं नाही.

तिकडची डुकरं म्हणजे पाळीव सुटून मोकाट झालेली, त्या देशात बाहेरून आलेली. आपलं रानडुक्कर इथलंच जंगली जनावर. ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची 2 मध्ये. परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा, मग ते तुमच्या स्वतःच्या तुरीत का असेना.

आता रायफलीचं. .22 ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. ती नेमबाजीच्या सरावाची, फार तर सशाएवढ्या जनावराची. आपल्याकडच्या .315 रायफलीची गोळी साधारण 16 ग्रॅमची असते, म्हणजे फरक बघा. मोठ्या नराच्या खांद्यावरचं कातडं ढालीसारखं जाड. जवळून, नेमकी डोक्यात बसली तर पडेलही. पण रात्री, बॅटरीच्या उजेडात, पळत्या जनावरावर? ते जखमी होऊन कपाशीत घुसणार आणि सकाळी वेचणीला आलेल्या बायांच्या अंगावर जाणार. हे कोण निस्तरणार? शिवाय हुकलेली हीच चिमुकली गोळी दीड किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. आपलं रान सपाट, आणि हंगामात शेताशेतात जागलीला माणसं.

म्हणून गप्प बसायचं का? अजिबात नाही. कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देता येते. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली रानडुक्कर आणि रोह्यासाठी तशी पद्धतही घालून दिली. पण शेतकऱ्यानं परवानगी आणली तरी मारायचं कशानं? काठीनं? 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, पण आज ठासणीची बंदूक गावात कोणाच्या घरात आहे ते दाखवा. कागदावर हक्क आणि हातात टॉर्च, अशी आपली गत.

केरळनं 2022 मध्ये काय केलं? परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला आणि गोळी परवानाधारक बंदूकवाल्यानं घालायची. आपल्याकडं असं का नको? तालुक्याला तपासून निवडलेले चार-पाच परवानाधारक नेमबाज, योग्य बोअरची बंदूक, वनखात्याचा माणूस सोबत, आणि गावात आदल्या दिवशी दवंडी. पोराटोरांच्या हातात रायफली देण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

आणि एक सांगतो, राग आला तरी चालेल. बांधाच्या तारेत करंट सोडणं बंद करा. डुकरासाठी लावलेल्या तारेनं शेजारचा माणूस, बैल, कधी स्वतः लावणाराच जातो. गावठी बॉम्बचंही तेच, चरणाऱ्या गायीला काय कळतं गोळा कशाचा आहे ते.

नुकसान झालं की पंचनाम्यासाठी अर्ज टाकाच, फोटोसकट आणि पोच घेऊन. तोंडी तक्रारीला फायलीत जागा नसते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नेमबाजांच्या यादीचा ठराव मांडतोय. ज्यांच्याकडं अर्जाच्या पोच आहेत त्यांनी झेरॉक्स घेऊन या. परतूर-मंठ्याकडच्या गावांनीही आपापल्या ग्रामसभेत हाच ठराव घ्यावा, मसुदा मागितला तर पाठवतो.