एअर डेक्कनचा उदय व ऱ्हास
एअर डेक्कन ही बंगळूर येथे मुख्यालय असलेली भारतातील पहिली अल्पदरी विमानकंपनी होती. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. हुबळीसारखी दुर्लक्षित शहरे तिने एटीआर विमानांनी जोडली, आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिचे प्रतीक होता. काही आसने तर एक रुपयात विकली जात. प्रवासी वाढले, तरी खर्च भाड्यातून भरून निघेना.

२००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने तिचे २६ टक्के समभाग घेतले. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा ५ वर्षांची देशांतर्गत सेवा व २० विमाने आवश्यक होती. ही अट डेक्कन किंगफिशरच्या आधी पूर्ण करणार होती. व्यवहाराचे खरे आकर्षण बहुधा हेच. ऑगस्ट २००८ मध्ये ५ वर्षे भरली आणि सप्टेंबरमध्ये किंगफिशरचे विमान बंगळूरहून लंडनला निघाले. स्वस्त सेवेचे नाव मात्र ‘किंगफिशर रेड’ झाले. २०११ मध्ये ती गुंडाळण्याचे जाहीर झाले. २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणेही थांबली.

उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये हेच नाव मुंबई–जळगाव मार्गावर परतले. ही सेवा अनियमितच राहिली व एप्रिल २०२० मध्ये, करोनाकाळात, बंद पडली.